कोरा रकाना

१

वही गुरुवारी दुपारी नाहीशी झाली. शनिवारी सकाळी नऊ वाजता तिघेजण पंचबाईंच्या खोलीत येऊन बसले, तेव्हा चोर कोण हे त्यांतल्या दोघांनी ठरवूनही टाकलं होतं. तिसरा म्हणजेच तो चोर.

पंचबाईंची खोली स्टेडियमच्या पायऱ्यांखाली होती. पूर्वी तिथे फाटकी जाळी टाकत. छत तिरपं असल्यामुळे उंच माणसाने आत येऊन मान वाकवायची आणि मगच बोलायचं, ही सोय बाईंना फार आवडायची. बाईंनी बावीस वर्षं रेषापंच म्हणून काढली होती. एकाच रेषेकडे बघायचं आणि चेंडू बाहेर पडला तर ओरडायचं, एवढंच काम. मग रेषांवर कॅमेरे आले आणि बाईंचं ओरडणं थांबलं. पण बावीस वर्षांत जिने कुणाच्या बापाची भीड ठेवली नाही, तिला घरी बसवणं संयोजकांच्या जिवावर आलं. त्यांनी तिला चौकशी अधिकारी केलं. चहाची किटली मात्र बाईंना स्वतःची आणावी लागली.

समोर बसली होती ती तोफ. लोकांनीच दिलेलं नाव. बत्तीस वर्षांची, लांब हातांची, आणि तिची सर्व्हिस अशी की समोरची रॅकेट उचलेपर्यंत चेंडू मागच्या भिंतीला लागलेला असायचा. उद्या बारा वाजता अंतिम सामना. जन्मगावातल्या या स्पर्धेत ती पहिल्यांदाच इथवर आली होती. तिच्या उजवीकडे प्रशिक्षक, आणि दाराजवळच्या स्टुलावर तिचा थोरला भाऊ. रोज सकाळी सहाला उठून हाच तिच्यासमोर उभा राहायचा आणि तिचे चेंडू अंगावर घ्यायचा.

"वहीत सगळं होतं," प्रशिक्षक म्हणाले. "कुठल्या वेळी सर्व्हिस कुठे मारायची. मधल्या रेषेवर, बाहेरच्या कोपऱ्यात, की सरळ अंगावर. गुरुवारी वही गेली आणि काल उपांत्य सामन्यात काय झालं? हिने चेंडू वर फेकायच्या आधीच समोरची त्या जागी जाऊन उभी! चाळीसपैकी तेहतीस वेळा. मी मोजलंय."

"तरी जिंकली ना ही?"

"नाकी नऊ आले हो जिंकताना. वही ठेवतो त्या कपाटाची किल्ली दोघांकडेच. एक माझ्याकडे, एक ह्याच्याकडे. आणि ह्याच्या पिशवीत हे सापडलं."

त्यांनी टेबलावर पुठ्ठ्याची एक गोल चकती ठेवली. तिच्यावर पेन्सिलीने पाच रकाने आखले होते. चार रकान्यांत मुंगीएवढ्या फुल्याच फुल्या. पाचवा अगदी कोरा. आणि खाली कोपऱ्यात आकडा, एकसष्ट.

"ही सांकेतिक भाषा आहे," प्रशिक्षक म्हणाले.

तोफ भावाकडे वळली. "दादा, गुरुवारी दुपारी तीन ते पाच कुठे होतास एवढं सांग. मी लगेच उठून जाईन इथून."

भावाने चकतीवरची नजर काढून तिच्याकडे बघितलं.

"वही मी घेतली नाही," तो म्हणाला. "बाकी काही विचारू नकोस."

तोफ उठली. आजपासून तिला भाऊ नाही, असं तिने पंचबाईंकडे बघून सांगितलं आणि मान वाकवायची विसरल्यामुळे छताला डोकं आपटून ती बाहेर गेली. पाच वाजता बाईंनी अहवाल द्यायचा होता. भाऊ दोषी ठरला तर टेनिसचं कुठलंही मैदान त्याला जन्मभर बंद होणार होतं, आणि बहीण तर आताच बंद झाली होती.

२

भावाला बाईंनी चहा दिला. त्याने तो दोन्ही हातांनी धरला आणि प्यायला नाही.

"किती वर्षं खेळतोस तिच्यासमोर?"

"ती नऊची होती तेव्हापासून. तेवीस वर्षं."

"म्हणजे तुला तर वही लागतच नाही. तिची सर्व्हिस कुठे येणार ते तुला ठाऊकच असेल."

त्याने आश्चर्याने वर बघितलं. "कुठलं हो, बाई! रोज तिच्यासमोर उभा राहतो आणि रोज फसतो. मला नाही कळत. कुणालाच नाही कळत." इथे तो एकदम थांबला. शेवटचं वाक्य आपण उगाच बोललो असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"कुणालाच?"

भाऊ चहा तसाच ठेवून उठला. बाईंनी त्याला जाऊ दिलं आणि चकती नाकाशी धरली. बिअरचा वास आला. मागच्या बाजूला ओल्या ग्लासाची गोल खूण उठली होती. सांकेतिक भाषा लिहायला माणूस ग्लासाखालची चकती कशाला घेईल? कागद का महाग झालाय?

मग त्यांनी फुल्या मोजल्या. एका रकान्यात अडतीस, दुसऱ्यात एकेचाळीस, तिसऱ्यात पस्तीस, चौथ्यात चव्वेचाळीस. आणि खाली एकसष्ट. बाईंनी स्पर्धेची निकालपत्रं काढली. बोट फिरवत फिरवत त्या बुधवारच्या उपांत्यपूर्व सामन्यावर आल्या आणि तिथेच थबकल्या. त्या सामन्यात तोफेने बरोबर एकसष्ट गुणांसाठी सर्व्हिस केली होती.

बाईंच्या अंगावर काटा आला. फुल्या म्हणजे चुका असतील, तर चार माणसांनी बुधवारी तिच्या सर्व्हिसचा अंदाज बांधला होता आणि चारही जण निम्म्याहून जास्त वेळा चुकले होते. पाचवा माणूस एकसष्ट वेळांत एकदाही चुकला नव्हता.

त्या तशाच उठल्या आणि प्रशिक्षकांना गाठलं. ते तोफेच्या सरावाची वेळ बदलून घेण्यासाठी कुणावर तरी फोनवर खेकसत होते.

"सर, एकच प्रश्न. काल सामन्याआधी वहीतलं नियोजन तुम्ही तसंच ठेवलं होतं?"

"मी काय वेडा आहे? वही गेल्यावर सकाळी गाडीत बसून सगळं फिरवलं. तोंडी. गाडीत आम्ही दोघंच होतो. भाऊ मागून बसने आला."

"म्हणजे वहीतलं वाचून काल कुणी अंदाज बांधले असते, तर ते चुकले असते."

प्रशिक्षकांनी फोन कानावरून खाली घेतला. पलीकडचा माणूस हॅलो हॅलो करत राहिला.

"शिवाय वही गुरुवारी गेली," बाई म्हणाल्या. "आणि कुणाला तरी बुधवारीच सगळं ठाऊक होतं. तुमच्या वहीचा नि ह्या प्रकरणाचा काडीचा संबंध नाही. आता मला सांगा, गुरुवारी वही शेवटची कुठे ठेवली होतीत?"

"बाकावर. टॉवेलांच्या शेजारी. मग रोजच्यासारखी कपाटात टाकली असणार."

पुढचं बाईंनी ऐकलंच नाही. त्या सरळ मागच्या आवारात गेल्या, जिथे स्पर्धेचे सगळे टॉवेल धुतले जात. धुलाईवालीने त्यांना बघताच फळीवरून एक वस्तू काढून पुढे केली. निळ्या पुठ्ठ्यात अडकलेला, वाळून कडक झालेला लगदा.

"दोन दिवस झाले, मालक शोधतेय," ती वैतागून म्हणाली. "वीस पांढरे टॉवेल निळे केले ह्याने. सांगा त्या साहेबांना."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. चोरी झालीच नव्हती. पण तेहतीस वेळा समोरची त्या जागी उभी होती, हेही खोटं नव्हतं. मग वही न वाचता एखाद्या बाईच्या मनातलं कुणाला आणि कसं कळलं?

३

चकतीच्या कडेला हिरव्या शाईचा मासा छापलेला होता. अकरा वाजता पंचबाई तसाच मासा दारावर असलेल्या बारसमोर उभ्या होत्या. स्टेडियमपासून चार गल्ल्या लांब, एका चपला दुरुस्त करणाऱ्याच्या शेजारी. आत सहा टेबलं, भिंतीवर टीव्ही, आणि फरशी नुकतीच पुसलेली.

बाईंनी चकती गल्ल्यावर ठेवताच मालकाला हसू फुटलं. "हा तर आमचा टप्पा! कुठे मिळाला तुम्हाला?"

"टप्पा म्हणजे?"

"खेळ हो. आमच्या इथे तोफेची मॅच लागली की खेळतात. ती सर्व्हिसला उभी राहिली की ज्याने त्याने बोट दाखवायचं. मधे, बाहेर, की अंगावर. चेंडू तिच्या हातातून सुटायच्या आत. जो चुकला त्याने एक घोट प्यायचा आणि त्याच्या नावावर फुली. ज्याच्या पुढे भरलेला ग्लास नाही त्याला खेळता येत नाही. एवढाच नियम."

"आणि हा कोरा रकाना?"

मालकाचं हसू थांबलं. त्याने गल्ल्यावरचं फडकं उचललं, घडी केली आणि पुन्हा ठेवलं.

"ते काका," तो आवाज उतरवून म्हणाला. "त्यांनीच काढला हा खेळ. आठ वर्षं झाली. कोपऱ्यात बसतात. पाठ टीव्हीकडे."

"पाठ?"

"हो. बघत नाहीत. भिंतीकडे तोंड करून बसतात आणि बोट दाखवतात. आठ वर्षांत एकदासुद्धा चुकले नाहीत, बाई. देवाशपथ सांगतो. सुरुवातीला लोकांना वाटलं आरसा आहे कुठे. मी भिंतीवरची घड्याळाची काचसुद्धा काढून ठेवली. मग लोकांनी विचारणंच सोडलं. एखाद्या गोष्टीपुढे माणूस गप्प बसतो ना, तसं. त्यांचा ग्लास भरलेला ठेवावा लागतो, नियमच आहे. मॅच संपली की तो तसाच भरलेला मी मोरीत ओततो. आठ वर्षांत एक थेंब गेला नाही त्यांच्या पोटात. दारूच्या खेळात बसलेला हा एकच माणूस, ज्याने कधी दारू प्यायली नाही."

पंचबाईंनी खुर्ची ओढली आणि बसल्या. एखाद्याची नजर चुकत नाही याचा अभिमान त्यांना स्वतःबद्दल होता. पण हा माणूस न बघता चुकत नव्हता.

"ह्या खेळात कुणी नवीन आलं होतं का हल्ली?"

"आला होता एक टायवाला. पलीकडच्या गल्लीत त्याचं ऑफिस आहे, खेळाडूंचे आकडे काढून विकतो म्हणे. सहा मॅचना आला. पहिल्या चार मॅचना इतका हरला की त्याला रिक्षात बसवून द्यावं लागलं. पाचव्या मॅचला त्याने काकांशेजारी खुर्ची घेतली आणि तोही भिंतीकडे तोंड करून बसला. सहाव्या मॅचला त्याने एकही घोट घेतला नाही."

"आणि सातव्या?"

"आलाच नाही. जिंकायला लागल्यावर यायचं बंद करणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला."

बाईंनी डोळे मिटले. पाठ टीव्हीकडे. म्हणजे दिसत काही नाही, ऐकू येतं. तोफ सर्व्हिसला उभी राहिली की काय ऐकू येतं? लोक गप्प होतात. पंचही गप्प. बाईंना आपली बावीस वर्षं आठवली. चेंडू खेळात नसतो, त्या आठ-दहा सेकंदांत रेषापंच काय करतो? मान सैल सोडतो, डोळे मिचकावतो, श्वास घेतो. खेळाडू, प्रशिक्षक, पंच, सगळे तेव्हा सैल पडतात, कारण तेव्हा काही घडत नसतं, असं सगळ्या टेनिसवाल्यांना शिकवलेलं असतं. त्या वेळात एकच आवाज होत असतो.

ठप. ठप. ठप. ठप.

सर्व्हिसआधी तोफ चेंडू जमिनीवर आपटते.

त्यांनी डोळे उघडले. दारात एक म्हातारा उभा होता. चुन्याने कायमची पांढरी झालेली नखं, आणि हात इतके लांब की बाहीतून वीतभर बाहेर आलेले. असे हात बाईंनी सकाळीच बघितले होते.

४

"तोफ तुमची कोण?" बाईंनी विचारलं.

"माझीच पोर आहे ती," म्हातारा खाली बसत म्हणाला. "पण हे इथे कुणाला ठाऊक नाही. सांगू नका."

मालकाच्या हातातून फडकं पडलं.

म्हातारा गवंडी होता. तोफ नऊ वर्षांची असताना त्याने घरामागच्या भिंतीला गिलावा करून चुन्याने तीन चौकोन काढले होते. पोरीने दिवसभर त्या चौकोनांवर चेंडू मारावेत आणि बापाने शेजारी विटा रचाव्यात. त्याची पाठ तिच्याकडे असायची.

"चार टप्पे आपटले की चेंडू मधल्या चौकोनात जायचा. पाच आपटले की कडेच्या. सहा आपटले की तिसऱ्या. पहिल्यांदा वाटलं योगायोग असेल. मग महिनाभर मोजलं. एकदाही चूक नाही, बाई. तिला स्वतःला पत्ता नव्हता. कुठे मारायचं ते मनात ठरलं की तिचं अंग आपलं आपण तेवढे टप्पे घ्यायचं. विटा हातात धरून मी तसाच उभा राहायचो. माणसाच्या आत असं काही चालू असतं, हे कुणी मला आधी सांगितलं नव्हतं."

"आणि तुम्ही तिला सांगितलं नाहीत?"

"चालणाऱ्याला पावलं मोजायला लावली तर तो अडखळतो. बोललो नाही. बायकोला नाही, पोराला नाही. तेवीस वर्षं."

"मग इथे कशाला हा खेळ मांडलात?"

म्हाताऱ्याने मग जे सांगितलं, ते बाईंनी नंतर अहवालात लिहिलं नाही. तो पूर्वी खूप प्यायचा. आठ वर्षांपूर्वी भर सामन्यात तो पिऊन प्रेक्षकांत उभा राहिला आणि आपल्या पोरीच्या नावाने ओरडू लागला. खेळ थांबला. दोन माणसांनी त्याला धरून बाहेर काढलं आणि हजारो लोकांनी ते बघितलं. तोफेने त्या दिवशी घरात सांगितलं, ह्या माणसाला कुणी भेटायचं नाही. जो भेटेल तो माझा नाही.

"दुसऱ्या दिवशी इथे येऊन बसलो. प्यायलाच आलो होतो. टीव्हीवर तिची मॅच लागलेली. ग्लास उचलला आणि मागून आवाज आला, ठप ठप ठप ठप. माझ्या तोंडून निघून गेलं, मधे. शेजारचा म्हणाला, पैज लावता? चुकलात तर ग्लास रिकामा करायचा. म्हटलं, लाव. मी चुकलो तर पिईन." तो हसला. "चुकलोच नाही तर पिऊ कसा? बाहेर तर मी कुणीच नव्हतो, बाई. इथे निदान तिच्यामुळे लोक मला मान द्यायचे. एवढी हाव नडली. त्या टायवाल्याला मी शेजारी बसू दिलं. खुशीत होतो."

"गुरुवारी मुलगा भेटायला आला होता?"

"दर गुरुवारी येतो. ही चकती मीच दिली त्याला, बघ म्हटलं, बुधवारचाही रकाना कोरा. का हो?"

बाईंनी सांगितलं. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. पोरगा बापाचं नाव सांगत नव्हता, कारण सांगितलं तर बहीण तुटणार होती. न सांगून ती तुटलीच होती, आणि वर जन्मभराची बंदी. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि इथे तर चोरही नव्हता.

"चला माझ्याबरोबर," बाई म्हणाल्या.

"मला तिथे यायची मनाई आहे. तिने घातलीये."

"तुम्ही आला नाहीत तर पाच वाजता मला तुमच्या पोराच्या नावावर फुली मारावी लागेल. वही सापडली, तरी तिचं गुपित फोडलं ते त्यानेच, असं सगळे म्हणतील. माझं कोण ऐकणार? टप्पे मोजून सर्व्हिस कळते, हे ऐकून मला लोक घरी पाठवतील."

म्हातारा उठला. दारापर्यंत गेला, परत आला, आणि मालकाला म्हणाला, "उद्याचा ग्लास भरू नकोस."

५

तीन वाजता सरावाच्या कोर्टावर पाच माणसं होती आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

बापाला बघून तोफेचा चेहरा दगडासारखा झाला. "ह्यांना कुणी आत घेतलं?"

"मी," पंचबाई म्हणाल्या. "वीस सर्व्हिस मार. मग मी स्वतः त्यांना फाटकापर्यंत पोचवीन. सर, तुम्ही तिच्या कानात सांगा कुठे मारायचं ते. दुसऱ्या कुणाला कळता कामा नये."

म्हातारा कोर्टाच्या टोकाला गेला आणि मागच्या भिंतीला नाक लागेल इतका जवळ, पाठ करून उभा राहिला. प्रशिक्षकांनी खांदे उडवले. त्यांना हा सगळा पोरखेळ वाटत होता. ते तोफेच्या कानाशी कुजबुजले.

ठप. ठप. ठप. ठप. ठप.

"बाहेर," भिंतीकडून आवाज आला.

रॅकेट फिरली. चेंडू बाहेरच्या कोपऱ्यात पडला आणि उसळून गेला.

ठप. ठप. ठप. ठप. "मधे." चेंडू मधल्या रेषेला चाटून गेला.

सहा टप्पे. "अंगावर."

पाचव्या सर्व्हिसनंतर प्रशिक्षकांचे खांदे खाली आले. दहाव्यानंतर त्यांनी टोपी काढून हातात घेतली. पंधराव्यानंतर ते कानाशी कुजबुजायचेही विसरले आणि तोफ मनानेच मारू लागली. तरीही तो आवाज येत राहिला, शांत, जरासा घोगरा, प्रत्येक वेळी चेंडू सुटायच्या क्षणभर आधी. विसावी सर्व्हिस पडली तेव्हा पंचबाईंच्या लक्षात आलं की आपण मघापासून श्वास रोखून धरलाय. बावीस वर्षं कोर्टावर काढून त्यांनी टेनिस बघितलंच नव्हतं असं त्यांना वाटलं.

"थांबा," तोफ म्हणाली. "आता बघा." तिने मुद्दाम सहा टप्पे घेतले आणि बाहेर मारायला गेली. चेंडू जाळीत. पुन्हा सहा घेतले आणि मधे मारला. चेंडू दोन हात लांब पडला. चार घेऊन अंगावर मारायला गेली, तर रॅकेटची कडच लागली आणि चेंडू छपराकडे उडाला. तिने स्वतःच्या हाताकडे असं बघितलं, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे.

मग पंचबाईंनी बोलायला सुरुवात केली. लगदा झालेली वही, फिरवलेलं नियोजन, एकसष्ट, टायवाला. "त्याचे आकडे काल समोरच्या मुलीने घेतले होते. उद्याचीनेही घेतलेत, मी तिच्या माणसांना विचारून आले. आणि ह्यात गुन्हा कुठलाच नाही. मोजायला बंदी आहे, असं नियमांच्या पुस्तकात कुठे लिहिलेलं नाही. तुझा दादा गुरुवारी बाबांना भेटायला गेला होता. तेवढाच त्याचा अपराध." शेवटी त्यांनी भरलेल्या ग्लासाचीही गोष्ट सांगितली, आठ वर्षांची, सगळी.

म्हातारा अजून भिंतीकडे तोंड करूनच उभा होता. वळायची परवानगी त्याला कुणी दिली नव्हती.

तोफ त्याच्यापासून दहा पावलांवर येऊन थांबली. "एक घोटसुद्धा नाही?"

"नाही."

"आणि मी कधी चुकले असते तर? एखाद्या दिवशी टप्पा चुकला असता तर?"

"तर प्यायलो असतो. म्हणून तर प्रत्येक सर्व्हिसला जीव मुठीत धरून बसायचो."

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि तिने ते पुसलं नाही. मग ती म्हणाली, "उद्या मी काय करू? टप्पे बदलता येत नाहीत. न बदलले तर ती मला उघड्या पुस्तकासारखी वाचणार."

"ते मला नाही सांगता येणार, बाळा. मी मोजणारा. खेळणारी तू."

तिने मान हलवली. मग भावाकडे गेली, त्याच्या छातीवर डोकं टेकवलं आणि रागानेच म्हणाली, "तोंड उघडायला काय झालं होतं रे तुला? चल, रॅकेट घे. सहा वाजेपर्यंत इथे कुणी येता कामा नये. सर, तुम्हीसुद्धा नाही."

फाटकातून बाहेर पडणाऱ्या बापाला तिने मागून हाक मारली. "बाबा. उद्या बारा वाजता. दादाशेजारी बसायचं. ओरडायचं नाही."

अहवाल पाचला दहा कमी असताना गेला. त्यात तीन ओळी होत्या.

६

रविवारी स्टेडियम खच्चून भरलं होतं. म्हाताऱ्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि दोन्ही हात गुडघ्यांखाली दाबून तो बसला होता, एका बाजूला पोरगा, दुसऱ्या बाजूला पंचबाई. सवयीने त्याने पाठ फिरवायला बघितलं, पण खुर्च्या पुढेच तोंड करून बसवलेल्या होत्या. तोफ सर्व्हिसला आली तसा त्याने मान खाली घातली आणि डोळे मिटून घेतले.

वीस हजार माणसं गप्प झाली. समोरची खेळाडू वाकून उभी राहिली. ती कान देऊन ऐकतेय, हे बाईंना इतक्या लांबूनही कळत होतं.

आवाज आला नाही.

तोफ उभी होती. चेंडू तिच्या तळहातावर, रॅकेटच्या तारांना टेकवलेला, आणि तो जमिनीकडे गेलाच नाही. तिचे डोळे अर्धवट मिटलेले होते. आत कुठेतरी, कुणालाही ऐकू येणार नाही अशा जागी, ती मोजत होती. मग चेंडू वर गेला, रॅकेट फिरली, आणि समोरची जिथे उभी होती त्याच्या बरोबर उलट्या बाजूला चेंडू पडून निघून गेला.

"कुठे?" म्हाताऱ्याने डोळे मिटूनच विचारलं. "बाई, कुठे गेला?"

"मधे."

"मला नाही कळलं."

पुन्हा तीच शांतता. पुन्हा काही नाही. समोरची डावीकडे झुकली, चेंडू तिच्या अंगावर आला आणि ती चेंडूला नुसता धक्का देऊन बसली. लोक उठून उभे राहिले.

"हाही नाही कळला!" म्हातारा म्हणाला. त्याने डोळे उघडले. तिसरी सर्व्हिस त्याने बघितली, उघड्या डोळ्यांनी. चौथीला तो खुर्चीच्या कडेला सरकला. पोराने त्याचा दंड धरला तेव्हा तो थरथरत होता, आणि पंचबाईंना आधी भीती वाटली की म्हाताऱ्याला काही होतंय की काय. पण तो हसत होता. गालांवरून पाणी, आणि तोंडभर हसू. तेवीस वर्षं जिचं पुढचं पाऊल त्याला आधीच ठाऊक होतं, ती पोर आज त्याच्यासमोर उभी होती आणि ती पुढे काय करणार याचा त्याला थांगपत्ता नव्हता.

"हे बघा," तो बाईंना कोपराने ढोसत म्हणाला, "आता हिच्या मनात काय आहे? सांगा बरं! मला नाही माहीत. देवाशपथ नाही माहीत!"

"मलाही नाही," बाई म्हणाल्या.

सामना अडीच तास चालला. दुसरा सेट तोफेने घालवला, तिसऱ्यात ती एकदा पडली आणि गुडघा सोलवटून उठली. शेवटच्या गुणाला ती सर्व्हिसच्या रेषेवर आली. चेंडू तळहातावर ठेवून तिने डोळे अर्धवट मिटले, तेव्हा म्हाताऱ्याने पोराचा हात एका हातात आणि पंचबाईंचा दुसऱ्या हातात घट्ट धरला.

"इतकी वर्षं मी नुसती उत्तरं ऐकत होतो, बाई," तो कुजबुजला. "तिची मॅच मी आज पहिल्यांदा बघतोय."

आणि तोफेने चेंडू वर फेकला.